थरावर थर : वेबपानांच्या गुंत्याचा छोटा इतिहास

(पलूस इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)



वेबसाइटचा जो भाग आपल्याला पडद्यावर दिसतो, तो लिहिणाऱ्यांना ‘फ्रंट-एंड’वाले म्हणतात. ही मंडळी पान एकसंध लिहीत नाहीत. त्याचे छोटे छोटे भाग पाडतात, आणि त्या भागाला कंपोनंट म्हणतात. बटण हा एक कंपोनंट, यादी हा दुसरा, यादीतलं कार्ड हा तिसरा. कार्ड यादीत बसतं, यादी पानात बसते. असं एकात एक बसवण्याला नेस्टिंग म्हणतात. हे बसवणं हाताबाहेर गेलं की काय होतं आणि ते सोपं कसं करायचं, हा आजचा विषय.

तो आम्ही इतिहासाच्या अंगाने मांडणार आहोत. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा तासभर आपण कुठे चाललोय ते कळेल. पानातला नको असलेला थर हा बहुतेक वेळा त्या त्या काळातल्या एखाद्या उणिवेची खूण असतो. साधन अपुरं होतं, म्हणून कुणीतरी थर घातला. पुढे साधन सुधारलं, उणीव भरून निघाली, पण थर काढायला कोणी परत आलंच नाही. म्हणून थर काढायचा असेल तर आधी तो का आला होता हे माहीत पाहिजे.

सुटे भाग

पलूसमध्ये कंपोनंट या शब्दाचा अर्थ फोड करून सांगायची गरज नाही. किर्लोस्करवाडी याच तालुक्यात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं. १९१० साली ते औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर आले, आणि तिथे कारखाना आणि कारखान्याभोवती गाव उभं राहिलं. लोखंडी नांगर, कडबा कापायचं यंत्र, पुढे पाण्याचे पंप. या सगळ्या वस्तूंचं तत्त्व एकच. नांगराचा फाळ आधी झिजतो, तर फाळ तेवढा बदलता आला पाहिजे. पंपाचा इंपेलर गेला तर इंपेलर बदलायचा, अख्खा पंप भंगारात घालायचा नाही. इथल्या वर्कशॉपमध्ये काम केलेल्या कुठल्याही माणसाला हे सांगावं लागत नाही.

सॉफ्टवेअरवाल्यांना मात्र ते उशिरा सुचलं. १९६८ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीत गार्मिश इथे नाटोने एक परिषद भरवली होती. तिथे डग्लस मॅकिलरॉय यांनी असं मांडलं, की हार्डवेअरवाले जसे कॅटलॉगमधून भाग निवडून आणतात तसे तयार भाग सॉफ्टवेअरमध्येही मिळाले पाहिजेत. कंपोनंट हा शब्द आपल्या धंद्यात रुजला तो या सुमारास.

त्याआधी सहा वर्षं, १९६२ साली, हर्बर्ट सायमन यांनी गुंतागुंतीच्या रचनेवर एक निबंध लिहिला. त्यात दोन घड्याळजींची गोष्ट आहे. दोघांच्याही घड्याळात हजार भाग. एक जण हजार भाग सरसकट जोडत जातो, मध्ये कोणी हाक मारली की अर्धवट जोडलेलं सगळं सुटतं. दुसरा आधी दहा-दहा भागांचे जुडगे बनवतो, मग दहा जुडग्यांचा एक मोठा जुडगा, आणि असे मोठे जुडगे जोडून घड्याळ. हाक आली तर त्याचा हातातला जुडगा तेवढा मोडतो. पहिल्याचा धंदा बुडतो, दुसऱ्याचा चालतो. तेव्हा एक गोष्ट पक्की करून घेऊ : एकात एक बसवणं ही चूक नाही. गुंतागुंतीची कुठलीही वस्तू टिकायची तर ती अशीच बांधावी लागते.

मग अडचण कुठे येते? पंपात कारण नसताना एक जादा कडं घातलं, तर फाउंड्रीतला माणूस लगेच विचारेल, हे कशाला? कारण लोखंडाला वजन आहे, वजनाला पैसे आहेत. वेबपानात जादा थर घातला तर त्या क्षणी काही दिसत नाही. पान तसंच दिसतं, बिल वाढत नाही, साहेब काही बोलत नाहीत. त्याची किंमत मागाहून, आणि भलत्याच माणसाला मोजावी लागते. ती कोण मोजतं ते पुढे येईलच.

टेबलात टेबल

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली सर्न या संशोधन संस्थेत वेबचा प्रस्ताव मांडला आणि १९९१ पर्यंत पहिलं पान चालू झालं. हे पान म्हणजे एक कागदपत्र होतं. शीर्षक, परिच्छेद, यादी, यादीतली कलमं. एकात एक बसवणं तेव्हाही होतं, पण ते मजकुराचंच होतं. कलम यादीत असतं, कारण ते खरोखरच यादीतलं असतं.

१९९५ च्या सुमारास नेटस्केप ब्राउझरमध्ये टेबल आलं. ते आकडेवारीच्या तक्त्यांसाठी होतं. पण वेब तोवर वर्तमानपत्रासारखं, जाहिरातीसारखं दिसायला हवं होतं. डावीकडे मेनू, मध्ये मजकूर, उजवीकडे चित्र. एका ओळीत तीन रकाने मांडायचं दुसरं साधनच नव्हतं. म्हणून टेबलाच्या रेषा पुसून त्याचा सांगाडा म्हणून वापर सुरू झाला. रकान्यात पुन्हा मांडणी हवी, तर त्या घरात आणखी एक टेबल. त्यात आणखी एक. जागा सोडायची असेल तर एका ठिपक्याएवढं पारदर्शक चित्र ताणून बसवायचं. डेव्हिड सीगल यांचं १९९६ सालचं पुस्तक या युक्त्यांसाठी गाजलं, आणि जगभरचे लोक त्या शिकले.

आपल्याकडे व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. फोनच्या तारेवरून, अतिशय हळू. आणि त्या वेळचे ब्राउझर टेबलाचं माप पूर्ण कळल्याशिवाय ते दाखवत नसत. सगळं पानच एका मोठ्या टेबलात, आत टेबलं, त्यांच्या आत टेबलं. सगळ्यात आतल्या टेबलाचं शेवटचं अक्षर येईपर्यंत पडदा कोरा. थराची किंमत तेव्हा ग्राहकाने टेलिफोनच्या बिलात मोजली.

दुसरी किंमत अंध वाचकांनी मोजली. त्यांचं सॉफ्टवेअर पान वाचून दाखवतं. त्याला समोर टेबल दिसलं की ते तक्ता समजून रकाने आणि ओळी मोजायला लागे. १९९९ साली सुलभतेचे पहिले अधिकृत नियम आले. त्यात सांगितलं, की ओळीने वाचल्यावर अर्थ लागत नसेल तर मांडणीसाठी टेबल वापरू नका.

या उणिवेवरचा उपाय खरं म्हणजे आधीच सुचलेला होता. होकन वियुम ली यांनी १९९४ साली सीएसएसचा प्रस्ताव मांडला, आणि डिसेंबर १९९६ मध्ये त्याची पहिली आवृत्ती मान्य झाली. कल्पना साधी : मजकूर एकीकडे लिहा, तो कसा दिसावा हे दुसरीकडे. पण ब्राउझर ते नीट पाळेपर्यंत बरीच वर्षं गेली. २००३ साली डेव्ह शे यांनी ‘सीएसएस झेन गार्डन’ हे संकेतस्थळ काढलं. एकच पान, त्यातला मजकूर तोच, एचटीएमएल तेच. फक्त सीएसएसची फाइल बदलली की रूप पूर्ण वेगळं. ज्यांना ऐकून पटत नव्हतं त्यांना ते बघून पटलं.

मराठी पानांचा जादा थर

मराठी पानांना त्या काळात आणखी एक थर होता. इंग्रजीवाल्यांना तो नव्हता, म्हणून इंग्रजी इतिहासात त्याची नोंद सापडत नाही.

युनिकोड रुळण्याआधी मराठी अक्षरं संगणकात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. फाँट असला तर ‘क’ दिसायचा, नसला तर काहीतरी विचित्र रोमन चिन्ह. शिवाय प्रत्येकाचा फाँट वेगळा, आणि कुठलं अक्षर कुठल्या जागी याचा हिशोबही वेगळा. त्यामुळे पानावर मराठी मजकूर असेल तिथे तिथे ‘इथे हा फाँट’ असं सांगणारं वेष्टन घालावं लागे. बाहेर एकदाच सांगून भागत नसे, कारण तो फाँट टेबलाच्या घरात उतरेलच याची खात्री नसायची. म्हणून प्रत्येक घरात पुन्हा वेष्टन. मध्येच ई-मेलचा पत्ता आला, की मराठी वेष्टन बंद, इंग्रजी वेष्टन चालू, मग पुन्हा मराठी. नाहीतर तो पत्ता अगम्य देवनागरीत उमटायचा. एका वाक्यात चार-पाच वेष्टनं, ती टेबलाच्या घरात, ते टेबल दुसऱ्या टेबलात.

हा थर कुणाच्या आळसाने आला होता का? नाही. लिपीला संगणकात स्वतःची जागा नव्हती, ही ती उणीव. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून होती. विंडोज २००० आणि त्यानंतरच्या संगणकांत ती प्रत्यक्ष वापरता यायला लागली. अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला आणि ती वेष्टनं एका फटक्यात निरर्थक झाली. आता गंमत बघा : कुठलीही हुशारी करून ती वेष्टनं आधी कमी करता आली नसती. उणीव भरली तेव्हाच ती गेली, आणि गेली ती कायमची.

गोल कोपऱ्यांचे चार डबे

टेबलं गेली आणि त्यांच्या जागी डिव्ह आले. डिव्ह म्हणजे नुसता रिकामा डबा, स्वतःचा काही अर्थ नसलेला. २००५ च्या आसपास गोल कोपऱ्यांच्या चौकटींची फॅशन होती. सीएसएसमध्ये कोपरा गोल करायची सोय सगळीकडे नव्हती, आणि एका डब्याला मागचं चित्र एकच लावता यायचं. कोपरे चार. मग काय? चार डबे एकात एक घालायचे, प्रत्येकाला एका कोपऱ्याचं चित्र. सगळ्यात आत मजकूर. एका चौकटीला चार थर. पानावर वीस चौकटी असल्या तर ऐंशी डबे, ज्यांचा मजकुराशी काडीचा संबंध नाही.

पुढे कोपऱ्याची गोलाई सांगायची एक ओळ सीएसएसमध्ये आली. मार्च २०११ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या नवव्या आवृत्तीनेही ती मानली. चार डब्यांचं काम एका ओळीत आलं. रकान्यांचंही तेच झालं. मार्च २०१७ मध्ये सीएसएस ग्रिड एकाच महिन्यात क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत आलं, आणि रकाने मांडायला घातलेले मधले डबे अनावश्यक ठरले. पण पाने बघा, आजही कित्येक ठिकाणी ते डबे आहेत. काढले तर काहीतरी मोडेल या भीतीने कोणी हात लावत नाही. आपण सुरुवातीला म्हटलं ते हेच : उणीव गेली, थर राहिला.

रिॲक्ट आणि गुंडाळ्या

आता कंपोनंटांकडे येऊ. फेसबुकमध्ये जॉर्डन वॉक यांनी रिॲक्ट बनवलं आणि मे २०१३ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. पान म्हणजे कंपोनंटांचं झाड, ही कल्पना त्यामुळे घरोघर पोचली. मॅकिलरॉय यांना हवे होते तसे सुटे भाग शेवटी वेबला मिळाले असं म्हणायला हरकत नाही. पण या सुट्या भागांबरोबर तीन नव्या उणिवा आल्या, आणि प्रत्येकीने आपापला थर घातला.

पहिली उणीव : कंपोनंटने एकच बाहेरचा डबा परत दिला पाहिजे असा नियम होता. दोन गोष्टी शेजारी शेजारी द्यायच्या असल्या तरी त्यांना एका डिव्हमध्ये कोंबावं लागे. तक्त्याच्या ओळीत तर हा डिव्ह चालतच नाही, तिथे मांडणी मोडते. नोव्हेंबर २०१७ मध्ये आवृत्ती १६.२ मध्ये फ्रॅगमेंटचं सुटसुटीत रूप आलं : गुंडाळा, पण पानात डबा उमटू देऊ नका. ती उणीव मिटली.

दुसरी उणीव जास्त खोल होती. दोन कंपोनंटांना एकच काम करायचं असेल, म्हणजे सर्व्हरवरून माहिती आणायची किंवा वापरणारा लॉगिन आहे का ते तपासायचं, तर ते काम वाटून घ्यायला नीट जागा नव्हती. सुरुवातीला मिक्सिन नावाची सोय होती. ती नावांचा घोळ घालते म्हणून २०१६ मध्ये रिॲक्टच्या लोकांनीच ती टाळायला सांगितली. मग युक्ती निघाली ती गुंडाळण्याची. आपला कंपोनंट दुसऱ्या कंपोनंटमध्ये गुंडाळायचा; बाहेरचा माहिती आणतो आणि आतल्याला देतो. लॉगिनची एक गुंडाळी, भाषेची दुसरी, रंगसंगतीची तिसरी, माहितीची चौथी. पडद्यावर दिसणारं एक बटण, आणि त्याच्याभोवती काही न दिसणाऱ्या सात-आठ गुंडाळ्या. रिॲक्टच्या टीमने स्वतःच याला ‘रॅपर हेल’ असं नाव दिलं. नरक हा शब्द त्यांचा आहे, आमचा नाही.

ऑक्टोबर २०१८ मध्ये सोफी अल्पर्ट आणि डॅन अब्रामोव्ह यांनी हुक्स जाहीर केले; फेब्रुवारी २०१९ मध्ये ते १६.८ या आवृत्तीत आले. हुक म्हणजे काय, तर ज्याला पडद्यावर जागा लागत नाही असं काम. माहिती आणणं, मोजणं, लक्ष ठेवणं ही कामं कंपोनंटच्या झाडात थर म्हणून उभी न राहता, कंपोनंटच्या आतूनच एका ओळीत बोलावता येतात. सप्टेंबर २०२० मध्ये व्ह्यूच्या तिसऱ्या आवृत्तीनेही आपल्या पद्धतीने हेच केलं. गोल कोपऱ्यांची गोष्ट आठवा. चित्र लावायला डबा लागत होता, तसं इथे काम करायला कंपोनंट लागत होता. काम आणि जागा यांची फारकत झाली आणि थर गळून पडला.

एसटीतले पैसे

तिसरी उणीव माहिती आत पोचवण्याची. ही उदाहरणाने बघू. समजा, कारखान्याला ऊस घालणाऱ्या शेतकऱ्यांसाठी पान करायचं आहे. पानात विभाग, विभागात गाव, गावात शेतकरी, शेतकऱ्याचे प्लॉट, प्लॉटच्या खेपा. सहा पातळ्या. गळीत हंगाम चालू की मागचा, हे पानाच्या वरच निवडतात. लागतो मात्र सगळ्यात आत, खेपेच्या ओळीत, काट्यावरचं वजन दाखवताना.

भरलेल्या एसटीत मागे उभा असलेला माणूस पुढच्या कंडक्टरला पैसे कसे देतो? हातोहात. मधल्या लोकांचा त्या पैशाशी संबंध नाही, पण प्रत्येकाने घ्यायचे आणि पुढे सरकवायचे. आपल्या पानातही विभाग, गाव, शेतकरी आणि प्लॉट हे चौघे हंगाम हातात घेतात आणि पुढे देतात. उद्या हंगामाबरोबर उसाची जातही दाखवायची ठरली, की चौघांच्याही कोडला हात लावायचा. आणि गावाचा कंपोनंट दुसऱ्या पानावर वापरायला नेला तर तिथेही हा हंगाम मागतो, जिथे त्याचं काही काम नाही. सुटा भाग सुटा राहत नाही.

यावर उपाय तीन, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

पहिला : माहिती एवढी वर ठेवायची गरज आहे का ते बघा. एखादी खेप उघडी आहे की मिटलेली, हे त्या खेपेलाच कळलं तर पुरे. जी गोष्ट एकालाच लागते ती त्याच्याजवळच ठेवा. आमच्या अनुभवात निम्मा गुंता इथेच सुटतो.

दुसरा : कच्चा माल हातोहात देण्याऐवजी तयार वस्तू द्या. सगळ्यात वरचं पान खेपांची यादी हंगामासकट स्वतःच तयार करतं आणि गावाच्या किंवा शेतकऱ्याच्या चौकटीला म्हणतं, ‘हे आत ठेव.’ चौकट आत काय आहे ते उघडून बघत नाही. रिॲक्टमध्ये ही सोय पहिल्यापासून आहे, नवीन काही शिकावं लागत नाही. तरीही लोक ती विसरतात.

तिसरा : कॉन्टेक्स्ट. मार्च २०१८ मध्ये १६.३ या आवृत्तीत त्याचं आजचं रूप आलं. स्टँडवर स्पीकरवरून गाडी लागल्याची घोषणा होते तसं. वर एकदा सांगायचं, ज्याला गरज आहे तो ऐकेल. भाषा, रंगसंगती, हंगाम अशा सगळ्या पानभर लागणाऱ्या गोष्टींना हे चांगलं. पण घोषणा बदलली की ऐकणारा प्रत्येक जण पुन्हा कामाला लागतो. आणि घोषणेवर अवलंबून असलेला कंपोनंट घोषणा नसलेल्या ठिकाणी नेला की अडतो. म्हणून हा उपाय तिसरा. बरेच जण तो पहिला वापरतात, आणि मग पानाच्या वरच कॉन्टेक्स्टच्या दहा गुंडाळ्या दिसायला लागतात. एक नरक मिटवायला दुसरा.

तलाठ्याचं दप्तर

आतापर्यंत कंपोनंटचं बोललो. पण बऱ्याचदा कंपोनंट खोल जातात, कारण त्यांना मिळणारी माहितीच खोल असते. आपल्या पानात खेप ही प्लॉटच्या आत, प्लॉट शेतकऱ्याच्या आत, शेतकरी गावाच्या आत. एका खेपेचं वजन दुरुस्त करायचं, तर रिॲक्टच्या रीतीप्रमाणे बाहेरच्या प्रत्येक पातळीची नवी नक्कल करावी लागते. एका आकड्यासाठी एवढा खटाटोप.

हा प्रश्न वेबपेक्षा जुना आहे. साठच्या दशकात आयबीएमने अपोलो मोहिमेच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला आयएमएस नावाची प्रणाली उभी केली, ती अशीच झाडासारखी होती. १९७० साली त्याच आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी म्हटलं, की झाड मोडा, सपाट तक्ते करा, आणि क्रमांकाने एकमेकांना जोडा. आजचे बहुतेक डेटाबेस त्या विचारावर उभे आहेत.

आपल्याला मात्र कॉडकडे जायची गरज नाही, तलाठ्याचं दप्तर पुरेसं आहे. सातबारा हा गट क्रमांकावर असतो, आठ-अ हा खात्यावर. एका शेतकऱ्याची जमीन तीन गटांत असते आणि एका गटात पाच भाऊबंद असतात. मग जमीन शेतकऱ्याच्या ‘आत’ लिहायची की शेतकरी जमिनीच्या ‘आत’? दोन्ही चुकीचं. म्हणून दोन स्वतंत्र नमुने, आणि त्यांना जोडणारा खाते क्रमांक. २०१५ साली रिडक्स आलं, तेव्हा त्याच्या मार्गदर्शनात हेच सांगितलेलं होतं : माहिती क्रमांकानुसार सपाट ठेवा. खेपा एका जागी, प्लॉट एका जागी, शेतकरी एका जागी. खेपेच्या ओळीला फक्त खेपेचा क्रमांक द्या, बाकीचं ती स्वतः शोधून घेईल. मग पानातली मांडणी सहा पातळ्यांची राहिली तरी तिचा त्रास होत नाही.

कुठला थर ठेवायचा

एवढं ऐकून घरी जाऊन सगळं सपाट करू नका. दीड हजार ओळींचा एकच कंपोनंट हा तर त्या पहिल्या घड्याळजीचा धंदा झाला. काही थर खरे असतात. यादीतलं कलम यादीतच राहणार. काही थर राखणदार असतात : रिॲक्टच्या सोळाव्या आवृत्तीपासून एरर बाउंडरी आहे, आतला आलेख कोसळला तर बाकीचं पान उभं ठेवणारी. दिसायला ती नुसती गुंडाळी, पण काढली तर एका चुकीने अख्खं पान पांढरं पडतं.

आकड्यांनीही फार बांधून घेऊ नका. लिनक्सच्या लेखनशैलीत तीनपेक्षा जास्त पातळ्या लागल्या तर प्रोग्रॅमच सुधारा असं सांगितलंय. गूगलचं लाइटहाऊस बरीच वर्षं ३२ पातळ्यांहून खोल पानाला इशारा देत असे. हे इशारे आहेत, कायदे नाहीत. इशारा मिळाला की प्रत्येक थरापाशी थांबून एवढंच विचारायचं : हा कुठली उणीव भरायला आला होता, आणि ती उणीव अजून आहे का?

हे विचारलं नाही तर किंमत कोण मोजतं? स्वस्त मोबाइलवर पान उघडणारा शेतकरी, ज्याच्या फोनला प्रत्येक डब्याचं माप काढावं लागतं. वाचून घेणारा अंध विद्यार्थी. आणि तिसरा, ज्याचं नाव कोणी घेत नाही : तो कोड पुढे सांभाळणारा. या भागातून पुण्याला, बंगळुरूला नोकरीला जाणाऱ्या मुलामुलींच्या वाट्याला पहिली काही वर्षं बहुधा दुसऱ्याचा जुना कोडच येतो. थर का आहेत हे न कळल्यामुळे त्यांना वाटतं, आपल्यालाच काही येत नाही. मंडळी, तुम्हाला येतं. त्या थरांचा इतिहास तुम्हाला कोणी सांगितलेला नसतो, इतकंच.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न : कंपनीत सांगतात, चालतंय ना, मग हात लावू नका. अशा वेळी काय करायचं?

उत्तर : त्यांचंही चूक नाही, कारण काही मोडलं तर निस्तरायचं त्यांनाच आहे. म्हणून स्वतंत्र साफसफाईची मोहीम काढू नका. ज्या पानात दुसऱ्या कामासाठी हात घालावाच लागतोय, तिथलाच एक थर घ्या. गिटमध्ये तो कधी आणि कुठल्या बदलाबरोबर आला ते वाचा. काढण्याआधी पान आज काय करतं याची चाचणी लिहून ठेवा. मग एकच थर काढा, चाचणी चालवा, कीबोर्डने पान वापरून बघा. ते टिकलं तर पुढचा. महिन्याला चार थर निघाले तरी वर्षात पानाचं रूप पालटतं.

प्रश्न : आता एआय कोड लिहून देतं. मग हा इतिहास कशाला शिकायचा?

उत्तर : एआय शिकलंय ते आजवर लिहिलेल्या कोडवरून. त्यात चार डब्यांचे कोपरेही आहेत आणि सात गुंडाळ्यांची बटणंही. त्यामुळे ज्याची गरज दहा वर्षांपूर्वी संपली असा थर ते तुम्हाला सहज देऊ शकतं, आणि पान चालेलही. तो थर इथे का आहे, याचं उत्तर देणारं एक तरी माणूस त्या कामावर असलं पाहिजे. ते तुम्ही व्हा.